गच्चीवरचं पिंप

आमच्या नायगावच्या टॉवरच्या गच्चीवर मी प्लास्टिकचा कागद ताणून छोटं हरितगृह उभं केलंय. त्यात टोमॅटो लावलेत, आणि टोमॅटो म्हटले की मावा, पांढरी माशी असली कीड आलीच. पण विकतचं विषारी औषध तिथे फिरकू द्यायचं नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. टोमॅटोचा छाटलेला पाला, दादरच्या मंडईत टाकून दिलेली लसणाची पात, मिरच्यांचे देठ, सगळं पिंपात भिजत घालायचं, कुजवायचं, गाळून फवारायचं. वास येतो. येणारच, मी काही अत्तर करायला बसलेले नाही.

मध्यंतरी मी माहेरी गेले आणि घोळ झाला. नवऱ्याचं सगळं आयुष्य चाळीत गेलेलं. त्याच्या लेखी भरलेलं पिंप म्हणजे पाणी, आणि पाणी उघडं दिसलं की त्याला चैन पडत नाही. त्याने माझ्या पिंपावर झाकण दाबून बसवलं, वर दगड ठेवला. आत सगळं फसफसत होतं. व्हायचं तेच झालं. झाकण उडालं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर हिरवा सडा पडला.

रविवारी मीटिंग लागली. विषय एकच, माझं हरितगृह.

"वहिनी, आता आपण टॉवरमध्ये राहतो," सेक्रेटरी म्हणाले. "असला वास चालायचा नाय. बाजारातलं औषध मारा, नायतर ते सगळं काढून टाका."

चादरी मी धुऊन दिल्या होत्या, माफीही मागितली होती. पण हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मे महिन्यात याच गच्चीवर अख्ख्या बिल्डिंगचे बोंबील वाळतात, तेव्हा कुणाच्या नाकाला टॉवर आठवत नाही!

"भाऊ, रोज संध्याकाळी वर येऊन टोमॅटो कोण तोडतं?" मी विचारलं. "न धुता, शर्टाला पुसून तिथेच खातं कोण?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"आजच मारते बाजारातलं औषध. उद्या तसाच खाऊन दाखवा."

सेक्रेटरींनी घाईघाईने वही मिटली. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. ढकलू देत. मी त्याच दुपारी पिंप पुन्हा भरलं, झाकण नुसतं टेकवलं आणि तो दगड नवऱ्यालाच खाली न्यायला लावला.

संध्याकाळी सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून वर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी एक टोमॅटो तोडला, शर्टाला पुसला. खाताना रुमाल काढावाच लागला.