इंगळे सिस्टर आधी पाय पाहायच्या

कॅज्युअल्टीच्या दारात कोणी आलं, की इंगळे सिस्टर आधी त्याचे पाय पाहायच्या. नाडी नंतर. "जिवावर बेतलेला माणूस चप्पल शोधत नाही, मॅडम," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "एक पायात, एक घरी, नाहीतर अनवाणी येते तो. बूट बांधून आला तो ओपीडीचा."

आमचं ग्रामीण रुग्णालय बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात होतं. मी एमबीबीएस होऊन तिथे एक वर्षाच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आले होते. शुक्रवारी ओपीडीला मोठी रांग लागायची. कॅज्युअल्टीला रांग नसते, हे सगळ्या खेड्यांना ठाऊक होतं. त्यामुळे लोक आधी बाजार करायचे आणि जीप सुटायच्या आत पिशव्यांसकट आमच्याकडे शिरायचे. खोलीत सुक्या बोंबलांचा आणि घामाचा वास साचायचा. एकाला तीन महिन्यांपासून खाज होती. सिस्टरांनी त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं. "काऊन बे, तीन महिने खाजवून राह्यला, अन् इमर्जन्सी आजच झाली?" तो निर्लज्जपणे हसला आणि मलम घेऊनच गेला. मलम मीच लिहून दिलं होतं.

सर्वांत ओंगळ प्रकार नानांचा. कधीकाळी सभापती होते. दर शुक्रवारी दहाच्या सुमारास 'कमजोरी' घेऊन यायचे. त्यांना पिवळं सलाईन हवं असे, व्हिटॅमिन घातलेलं. बेड दोनच. ऑक्सिजन एकाच बेडपाशी, आणि नानांना तोच हवा, कारण वर पंखा. जाताना उशीवर तेलाचा डाग आणि खाली शेंगांची टरफलं. सिस्टर त्यांना तोंडावर नाही म्हणायच्या. मग कुणाचा तरी फोन यायचा आणि मी गुपचूप सही करायचे. सिस्टर रागावल्या नाहीत कधी. एकदा फक्त म्हणाल्या, "मॅडम, नाही म्हणायले इंग्रजी लागत नाही."

त्या शुक्रवारी सिस्टरांची सुट्टी होती. नाना आल्याचा निरोप आला म्हणून मी ओपीडीच्या व्हरांड्यातून चालले होते. बाकावर, रांगेत, सिस्टर बसलेल्या. साडी नेसून, हातात केसपेपर. मी विचारलं, काय होतंय? पाठ दुखते, गॅस असेल, म्हणाल्या. आत चला म्हटलं, तर मान हलवली. "लोकायले रोज ओपीडीत धाडतो, अन् मी मागच्या दारानं शिरू का? जा तुम्ही. माझा नंबर येईन."

कपाळावर घाम होता. मी तो पाहिला. पण नजर त्यांच्याच सवयीने खाली गेली. दोन्ही पायांत सँडल, बक्कल नीट लावलेलं. मी पुढे गेले आणि नानांना सलाईन लावलं.

अर्ध्या तासाने सिस्टर बाकावरून घसरल्या. वॉर्डबॉयने त्यांना स्ट्रेचरवर घालून आणलं. मी नानांना उतरायला सांगितलं.

"अर्धी बाटली राह्यली ना, मॅडम."

मी सुई काढली. नाना उठून बसले आणि ड्रायव्हरकडे पाय पुढे केले. तो खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधू लागला. आधी डाव्या, मग उजव्या. स्ट्रेचर दारात अडकून होतं. मी उभी होते. शेवटी वॉर्डबॉयनेच नानांना दंडाला धरून खाली ओढलं.

ऑक्सिजन लावला. ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता, मोठा. सिस्टरांचे सँडल मी काढले. बक्कल घट्ट होतं. बुलढाण्याला पोचायच्या आधीच, अँब्युलन्समध्ये, त्या गेल्या.

सिस्टरांचं शहाणपण चुकलं असं लोक म्हणाले. मला तसं वाटत नाही. जी बाई दुसऱ्याची जागा अडवायला लाजते, तिच्यासाठी पायांची ती खूण नव्हतीच. ती न लाजता आत शिरणाऱ्यांसाठी होती, आणि त्यांना शिरू देणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी.

पुढच्या शुक्रवारी दहा वाजता नाना आले. दुखवटा म्हणून दोन वाक्यं बोलले. मोठी कामसू बाई होती, वगैरे. मग नेहमीच्या बेडकडे वळले. कमजोरी वाटून राह्यली, म्हणाले.

मी त्यांचे बूट पाहिले.

"बेड रिकामा नाही, नाना. ओपीडीत नंबर लावा."

नानांनी बेडकडे पाहिलं. त्यावर कोणीच नव्हतं. चादर नुकतीच बदललेली होती. माझ्या खिशातला फोन वाजू लागला. मी तो वाजू दिला.