आज ओढू का?

सकाळी गावच्या विहिरीवर गर्दी झाली की सारूआक्का यायची. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, काखेत घागर. विहिरीपासून अंतर राखून चिंचेच्या बुंध्याशी उभी राहायची आणि विचारायची, "बायांनो, आज ओढू का?" बाया पाठ फिरवून पोहरा सोडायच्या. एखादी दयाळू म्हणायची, "घागर खाली ठेव, लांबनं वततो." आक्का हसून मान हलवायची. "वतून नगं गं. ओढायचं इचारलंय. बरं, उद्या इचारतो." आणि रिकामी घागर घेऊन ओढ्याची वाट धरायची. निपाणीजवळच्या आमच्या गावाला याची इतकी सवय झाली होती, की तिला यायला उशीर झाला तर बायाच म्हणायच्या, "आज इचारणारीण आली न्हाय अजून!"

आक्काचे आईबाप गावकुसाबाहेरचे. ते ख्रिस्ती झाले आणि आक्का बेळगावच्या मिशनच्या दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा शिकून आली. प्लेगाची साथ आली तेव्हा गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेलं. आमचं घर तेवढं मागं राहिलं, कारण आई आणि मी, दोघंही तापानं पडलो होतो. मी अंगावर पिणारा. भावकीतलं कुणी उंबऱ्याजवळ फिरकेना. तेव्हा माझे वडील, आप्पा, स्वतः आक्काच्या दारात गेले. "सारू, माझं घर बुडालं बघ, चल," म्हणाले. ती आली. याच विहिरीचं पाणी आप्पांच्या सांगण्यावरून तिनं ओढलं, आम्हाला पाजलं, आणि आप्पाही तिच्याच हातचं प्याले.

साथ सरली, माणसं परतली आणि रोग कुणी आणला याची चर्चा सुरू झाली. बोट आक्काकडं वळलं. चावडीत पंच बसले. "तू इहिरीवर चढलीस का?" आक्का म्हणाली, "चढली की. आप्पांनी सांगितलं म्हणून चढली. त्यांचं घर माझ्या हातचं पाणी पिऊन जगलंय. इचारा त्यांनाच."

आप्पा उठले. गावातलं वजनदार माणूस. शब्दाचे पक्के अशी ख्याती. मला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल याच माणसानं चिंचेच्या फोकानं बडवलंय. ते म्हणाले, "ही बाई आमच्या उंबऱ्यात आलीच न्हाय."

झालं. विहीर तर गेलीच, वर ‘सारू खोटारडी’ हा शिक्का बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन चिंचेखाली उभी राहिली. त्याच आठवड्यात एकदा तिनं दोराला हात लावला, तर कुणीतरी तिची घागर दगडानं फोडली. ती नवी घागर घेऊन आली.

हे सगळं आईनं मला मोठेपणी सांगितलं, तेही चुलीकडं तोंड करून. मी तडक आप्पांकडं गेलो. "खरं का बोलला न्हाईसा?" ते तंबाखूचं पान निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बोललो असतो तर भावकीनं वाळीत टाकलं असतं. तुझ्या बहिणींची लग्नं कुठं केली असती?" एवढंच. ज्या हातानं मला जगवलं त्याचा सौदा करून आमच्या घरातली लग्नं लागली होती, आणि त्या लग्नांत मी नवे कपडे घालून मिरवलो होतो.

त्या दिवसापासून मी आक्काकडं जाऊ लागलो. एकदा विचारलं, "आक्का, तुला आप्पांचा राग येत न्हाय?"

"न यायला मी काय दगूड हाय? येतो की! राग येतो म्हणून तर क्षमा करावी लागती. रोज सकाळी गुडघं टेकून करतो, मग घागर उचलतो."

"क्षमा केलीस, मग इचारत कशाला बसतीस रोज?"

"क्षमा केली म्हंजे खोट्याला खरं म्हटलं न्हवं रं. प्रभूनं मार खाल्ला, पण मारणाऱ्याला इचारलंच की, का मारतोस म्हणून."

मग तिला हसू यायचं. "पेत्र प्रभूचा एवढा जवळचा चेला, पण प्रभूला धरून नेल्यावर तोबी तीन डाव म्हणाला, मी ह्याला वळखत न्हाय. मग प्रभूनं आधी सांगितल्यापरमानं कोंबडा आरवला आणि त्याला रडू फुटलं. तुझा आप्पा एकदाच म्हणालाय. अजून येळ हाय त्याला."

देश स्वतंत्र व्हायला आला तेव्हा आप्पा अंथरुणाला खिळले. एका दुपारी मला जवळ बोलावून पुटपुटले, "सारूला आण. तिच्या हातचं पाणी पायजे." वाटलं, म्हातारा अखेर खरं बोलणार. आक्काचे केस पांढरे झाले होते, पण ती घाईघाईनं आली. येताना आपल्या घरचा भरला तांब्या घेऊन आली. बाहेरच्या सोप्यात भावकी बसली होती. त्या सगळ्यांच्या देखत आक्का आमचा उंबरा ओलांडून आत गेली.

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. "सारू, दार लावून घे."

आक्का हलली नाही. "दार उघडंच असू दे आप्पा. त्या टायमाला कुणी बघितलं न्हाय, म्हणून तर एवढं झालं." तिनं एका हातानं त्यांची मान उचलली आणि तांब्या ओठांशी धरला. आप्पांनी उघड्या दाराकडं पाहिलं. सोप्यातले सगळे मान वळवून बघत होते. आप्पांनी ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

आक्कानं त्यांचं डोकं हळूच उशीवर ठेवलं, कपाळावरून हात फिरवला आणि बाहेर आली. "दुसरा डाव," एवढंच आईला म्हणाली. तांब्या उंबऱ्यावर ठेवून ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मी तो तांब्या उचलला. चुलते ओरडले, "काय करतोस रं!" मी दारात उभा राहून, सगळ्यांच्या देखत, घटाघटा सगळं पाणी प्यालो. आक्कानं पदर बाजूला करून माझ्याकडं पाहिलं.

पाणी ओढ्याचं होतं. तळाशी गाळ होता, तो दातांखाली कचकचला.