भुलीआधीचं पाणी

भूल दिलेल्या कुत्र्याची नाडी मांडीच्या आतल्या बाजूला लागते. दोन बोटं ठेवायची, दाबायची नाहीत, नुसती टेकवायची. पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षी, इंटर्नशिपमध्ये, माझं काम बहुतेक वेळा एवढंच असायचं. सर इंजेक्शन द्यायचे आणि मी बोटं टेकवून उभी राहायचे. दर पाच मिनिटांनी ठोके मोजून कागदावर लिहायचे. त्या दुष्काळाच्या वर्षी नुसतं उभं राहणंही जिवावर यायचं. सकाळी छावणीत जनावरं तपासायची, मग दवाखाना, आणि संध्याकाळी खोलीवर गेलं की बादलीभर पाण्यात अंघोळ करायची की कपडे धुवायचे, हे ठरवायचं.

छावणी दूध संघाने उघडली होती, तेलगावच्या अलीकडे, उघड्या माळावर. संघाची गाडी गावोगाव फिरायची, पण निम्मे कॅन रिकामेच परत यायचे. म्हणून ती गाडी आता जनावरांची औषधं, आम्हा इंटर्नना आणि कधी कधी आजारी शेळ्यांनाही नेऊ लागली होती.

तिथेच मावशी भेटल्या. धारूरच्या डोंगराकडच्या. नवरा, मुलगा आणि सून कोयत्यावर गेलेले, साखर कारखान्याच्या फडात ऊस तोडायला. मावशी दोन गाई आणि एक कालवड घेऊन छावणीत ताडपत्रीखाली राहत होत्या. सोबतीला एक तांबडा कुत्रा. रात्री शेजारच्या दावणीचं कुणी त्यांच्या चाऱ्याला हात लावायला आलं की तो उठायचा. त्याच्या जिवावर त्या झोपत होत्या, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

एक दिवस पाण्याचा टँकर मागे घेताना कुत्र्याला धक्का बसला. रक्त आलं नाही, पण मागचे दोन्ही पाय गेले. पुढच्या पायांवर सरपटत तो ताडपत्रीपर्यंत आला.

दवाखान्यात साधा एक्स-रे काढला. मणका मोडलेला दिसला नाही. सर म्हणाले, मज्जारज्जूवर दाब कुठे आहे ते बघायचं तर पाठीच्या कण्यात रंग सोडून पुन्हा फोटो काढावे लागतील. सुई आत असताना कुत्र्याने इंचभरही हलता कामा नये, म्हणून पूर्ण भूल. दाब कुठे आणि किती ते कळलं तर त्याला ठेवायचं की सुई देऊन शांतपणे मरू द्यायचं ते ठरेल. हे शेवटचं वाक्य मी मावशींना सांगितलं नाही. पण त्यांना ते कळलं होतं. त्यांनी विचारलं, "फोटू चांगला आला तर सुई देणार न्हाई ना तुमी?"

आदल्या दिवशी सकाळी मी छावणीत जाऊन सूचना दिल्या. रात्री आठनंतर काही खायला घालू नका, पाणी मात्र सकाळपर्यंत पाजा. दोनदा सांगितलं. मावशींनी मान हलवली.

सकाळी संघाच्या गाडीतून त्या कुत्र्याला घेऊन आल्या. ड्रायव्हर दार उघडत म्हणत होता, "मावशी, ह्याला कॅनात बसवून आणलं असतं तर बरं झालं असतं. सीट समदी भरली केसानं."

"तू बसायचं कॅनात," मावशी म्हणाल्या. "त्यो कावून बसंल? त्यो आजारी हाय."

मी त्यांचा हात धरून त्यांना उतरवलं. हात गार होता आणि ओठ सुकून पांढरे पडले होते. मी विचारलं, "मावशी, चहा घेतला का?"

"चहा कुठला. निरंकार हाय माझा. काल सकाळपासून थेंब न्हाई." मग कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यालाबी न्हाई. दोघांचाबी संगट धरलाय. आर्ध्या उपासानं कुठं काम होतंय, बाई?"

निरंकार म्हणजे पाणीही न पिता धरलेला उपास. मला तो कुणी समजावून सांगायला नको होता. माझे आई-वडीलही कोयत्यावर जायचे. कॉलेजची पायरी चढलेली घरात मी पहिलीच. माझी प्रवेश परीक्षा होती त्या दिवशी आईने फडात ऊस तोडत निरंकार धरला होता. मी पास झाले तेव्हा तिने अभ्यासाला अर्धं श्रेय दिलं, उरलेलं स्वतःकडे ठेवलं.

मी कुत्र्याच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. हिरड्यांना बोट लावलं तर चिकट लागल्या. वर उन्हाचा दिवस. मला कळलं होतं. मी आत गेले ती सरांना हेच सांगायला.

सर टेबल पुसत होते. लाइट अकराला जायची, आणि त्याआधी फोटो व्हायला हवे होते. त्यांनी न बघताच विचारलं, "तयार आहे का?"

मी म्हणाले, "हो सर."

का म्हणाले, याचा मी पुढे बराच विचार केला. लाइटची घाई होती, हे खरं. पण खरं कारण निराळं होतं. चारच दिवसांपूर्वी छावणीत एका शेतकऱ्याने लंगडणाऱ्या बैलाला तापल्या सळईने डाग दिला होता. दुपारी डबा खाताना सरांनी ते रंगवून सांगितलं आणि सगळे हसले. मीही हसले. माझ्या वडिलांनीही बैलाला डाग दिलेले मी पाहिले आहेत. कुत्र्याला निरंकार घडवला हे सांगितलं असतं तर ते त्याहून मजेदार ठरलं असतं. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला त्यांच्यावर हसू द्यायचं नव्हतं. का कुणास ठाऊक, आईवर हसल्यासारखं झालं असतं.

सरांनी सिरिंज भरली. भुलीचं औषध दुधासारखं पांढरं होतं. दारातून मावशींचा आवाज आला, "दूध टोचतेत का काय ह्याला? आमच्या गाईचं आटलंय, आन् हितं कुत्र्याला टोचतेत."

सर हसले. कुत्रा सैल पडला. घशात नळी घातली, ऑक्सिजन लावला, सलाइन थेंब थेंब सोडलं, पायाला रक्तदाबाचा छोटा पट्टा गुंडाळला. मी बोटं टेकवली.

भुलीचं औषध नुसतं झोपवत नाही. ते रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयाचा जोरही थोडा कमी करतं. धडधाकट कुत्र्यात शरीर ते सांभाळून घेतं. पण अंगात पाणीच कमी असेल तर रक्तही कमी असतं. मग विहिरीला पाणी नसताना पाइप तेवढा मोठा टाकल्यासारखं होतं. मोटार चालू राहते, टोकाला पाणी पोचत नाही. आमच्या भागात हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. मी मात्र ते पुस्तकातून पाठ केलं होतं.

ठोके वाढत गेले. मी पहिल्यांदा लिहिले, दुसऱ्यांदा लिहिले. तिसऱ्यांदा मोजताना लक्षात आलं की ठोके जलद आहेत, पण प्रत्येक ठोका बोटाखाली दोऱ्यासारखा बारीक लागतोय. सर पाठीवरचे केस कापून कातडी पुसत होते, सुई अजून टोचायची होती. पायाचा पट्टा फुगला, सुटला, पुन्हा फुगला, आणि यंत्रावर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या. हिरड्या राखेसारख्या दिसायला लागल्या. मग माझ्या बोटाखाली काहीच लागेना.

"सर, नाडी लागत नाही."

त्यांनी स्टेथोस्कोप लावला. "हृदय चालू आहे. दाब पडलाय. एवढा का पडावा?"

"त्याला पाणी दिलेलं नाही," मी म्हणाले. "काल सकाळपासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

"मघाशी. गेटवर."

पुढे ते माझ्याशी फक्त कामाचं बोलले. भूल थांबव. सलाइन पूर्ण उघड. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली घे. पिशवी दाब, हाताने दाब. एक इंजेक्शन दिलं, मग थांबलो, मग अर्धं अजून दिलं. मी एका हाताने सलाइनची पिशवी पिळत होते आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर होती. मला नाडी लागली असं दोनदा वाटलं. ती माझ्याच बोटाची होती. तिसऱ्यांदा लागली ती त्याची होती. अगदी हलकी, पण माझ्या ठोक्यांपेक्षा निराळ्या चालीची.

अकराला लाइट गेली. कुत्र्याने जीभ हलवली होती. सुई टोचलीच नव्हती.

सर हात धुवत म्हणाले, "सांगितलं असतंस तर मी आधी दोन तास सलाइन लावलं असतं. एवढंच केलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेही दमलेले होते. त्यांनी मला बाहेर पाठवलं, "जा, सांग त्यांना."

मावशी उभ्या राहिल्या. "आला का फोटू?"

"नाही आला. मरता मरता वाचला."

"वाचला ना? म्हंजी उपास पावला."

इथे मी गप्प बसू शकले असते. आठ दिवसांनी पुन्हा भूल द्यायची होती, आणि त्या पुन्हा तसंच करणार होत्या. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं की पाणी नव्हतं म्हणूनच त्याची नाडी गेली. मग हेही सांगितलं की मला ते आधीच कळलं होतं आणि मी आत जाऊन बोलले नाही.

"मी तुला समदं सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "काय लपवलं व्हतं का?"

"नाही."

"तुझी माय धरती का उपास?"

"धरते."

"मंग तुला ठावं व्हतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला येडी ठरवतील म्हणून बोलली न्हाईस व्हय? आगं, ठरवू दे की. मला काय त्यांच्यात सोयरीक करायचीय? जनावर गेलं असतं."

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं, ते त्यांनी आधी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं, मग प्यायल्या. मग बाकावरून उठून गाडी येईपर्यंत आत कुत्र्यापाशी जाऊन बसल्या.

पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळीच कुत्र्याला दवाखान्यात ठेवलं. सकाळी सलाइन लावलं. सरांनी विचारण्याआधीच मी सांगू लागले: किती वाजता पाणी प्याला, लघवी किती वेळा झाली, कातडी कशी आहे, हिरड्या कशा आहेत. सर म्हणाले, "बास, बास." नाडी या वेळी जरा खाली गेली आणि तिथेच टिकली. रंगाची पांढरी रेघ कण्यातून पुढे सरकली, शेवटच्या बरगडीच्या मागे बारीक झाली, पण तुटली नाही.

"दाब आहे," सर म्हणाले. "सहा आठवडे हलू द्यायचं नाही. उठेल का ते सांगता येत नाही. सुई मात्र आत्ता नको."

छावणीत पिंजरा कुठून आणणार. मावशींनी उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या रचून त्याच्याभोवती भिंत केली. गाई ती भिंत रोज एका बाजूने खायच्या, आणि मावशी रोज नवीन पेंढ्या लावायच्या. माझ्याशी त्या कामापुरतंच बोलायच्या. मी भिंतीबाहेर थांबून सांगायचे, त्याचे पाय चोळायच्या आणि बोटं चिमटून पाहायच्या त्या; मी कागदावर लिहायचे आणि परत यायचे. तीन आठवडे कागदावर तेच तेच लिहिलं. चौथ्यात पहिल्यांदा लिहिलं: चिमटल्यावर पाय मागे घेतला.

सहावा आठवडा संपताना गेले तेव्हा भिंत नव्हती. कुत्रा ताडपत्रीच्या तोंडाशी उभा होता. मागचा उजवा पाय दुमडून ओढत, झोकांड्या खात तो चार पावलं पुढे आला आणि माझ्यावर भुंकायला लागला. दात दाखवून, मनापासून. मी जागीच थांबले.

मावशी वाढे तोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, त्याला हटकलं नाही. "भ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला वळखत न्हाई त्यो. तू लई जवळ आलतीस तवा त्यो भुलीत व्हता."