शाल, श्रीफळ आणि खोकला

उतारवयात नवऱ्याला काय काय होऊ शकतं, याची सरोजिनीबाईंनी मनाशी तयारी करून ठेवली होती. साखर होईल, दाब वाढेल, गुडघे बोलायला लागतील. पण गालगुंड होतील असं काही त्यांच्या मनात आलं नव्हतं. भोगीच्या दिवशी त्या भाजी निवडत बसल्या होत्या, तेवढ्यात दीनानाथ लेले आतून आले ते डावा गाल कानापर्यंत फुगलेला. बाईंना आधी वाटलं, संक्रांत उद्यावर असताना यांनी आजच तिळाचा लाडू तोंडात टाकला.

इमारतीच्या खालीच दवाखाना होता. तिथली डॉक्टर नम्रता वयाने लहान, पण हाताला गुण होता. तिने गाल चाचपला आणि म्हणाली, हे तर शाळेतल्या मुलांचं दुखणं. काका कुठल्या शाळेत जातात की काय?

ती गमतीने बोलली होती. सरोजिनीबाई हसल्या नाहीत.

"जातात," त्या म्हणाल्या. "कराट्याच्या."

लेले मूळचे शनिवार पेठेतले. बँकेत रोखपाल होते. त्यांची खिडकी दहाला उघडायची म्हणजे दहाला उघडायची, मग अंगात ताप असो की घरात कार्य असो. आजारपणाची रजा म्हणून त्यांनी उभ्या जन्मात घेतली नाही. ती घेणाऱ्यांची पैदास वेगळी असते, असं ते म्हणत. पुढे बँकेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागून स्वेच्छानिवृत्ती आली. त्यातली स्वेच्छा कोणाची, ते लेल्यांना शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही, पण सगळ्यांनी सह्या केल्या तशी त्यांनीही केली. एकुलता एक मुलगा सलिल त्याआधीच अमेरिकेला गेला होता. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर मरणार म्हणून त्याला तिकडे नेला होता. कॉम्प्युटर काही मेले नाहीत आणि सलिल काही परतला नाही.

मग पेठेतली भाड्याची जागा सोडून दोघं धायरीला नव्या इमारतीत राहायला आली. जिथे इमारत उभी राहिली ते बापूरावांचं शेत. शेत विकून बापूरावांना त्याच इमारतीत वरचा मजला मिळाला आणि सोसायटीचं अध्यक्षपदही. माणूस दिलदार, फक्त आवाज बांधावरून बांधावर हाक मारायचा होता, तो फ्लॅटमध्ये मावत नसे.

तर कराट्यापर्यंत नेणारी ती गोष्ट घडली श्रावणात. सोमवारचा उपवास होता. दोघं भाजी घेऊन फाट्यावरून चालत येत होती, आणि मागून मोटरसायकल आली. मागे बसलेल्याने सरोजिनीबाईंच्या गळ्यात हात घातला, हिसका दिला, बाई रस्त्यावर बसल्या, मोटरसायकल गेली. काळे मणी सगळीकडे उधळले. बाईंनी वर बघितलं तर लेले तिथंच उभे. दोन्ही हातांत पिशव्या. एका पिशवीत कोथिंबिरीची जुडी वरच ठेवलेली होती, ती जुडीसुद्धा हलली नव्हती. तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज आला नव्हता.

माणसं जमली. बापूराव जवळच्या एका दुकानातून धावत आले. त्यांनी बाईंना उठवलं आणि लेल्यांकडे बघून म्हणाले, "सायेब कुटं व्हते?"

साधा प्रश्न होता. पण सरोजिनीबाईंची नजर नवऱ्याच्या तोंडाकडे गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्या जिभेने त्यांना न विचारता बोलून टाकलं.

"हे धावले हो त्यांच्यामागे. पार वळणापर्यंत धावले."

झालं. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदाही तेच सांगावं लागतं. पोलीस चौकीत तेच सांगितलं, फोनवर सलिलला तेच सांगितलं. समाचाराला नातलग येत, चहा पिता पिता ऐकत आणि लेल्यांकडे बघून मान डोलवत. लेले वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत. बाईंनी स्वतःहून त्यात काही भर घातली नाही. भर घातली बापूरावांनी. त्यांच्या तोंडून लेल्यांनी मोटरसायकलचा मागचा दांडा पकडला, मग एकाची कॉलर धरली. खोट्याला पाय नसतात म्हणतात. सरोजिनीबाईंच्या खोट्याला मोटरसायकलच मिळाली होती.

गणपतीत पाचव्या दिवशी आरती झाली आणि बापूरावांनी माइक हातात घेतला. बाईंना वाटलं, महाप्रसादाचं सांगतील. तर त्यांनी लेल्यांना पुढे बोलावलं आणि त्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला.

"असा वाघ आपल्या सोसायटीत हाय," बापूराव म्हणाले, "म्हनून आपल्या आयाबाया सुखानं झोपत्यात."

टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला, म्हणून आग्रह झाला. लेले माइकसमोर उभे राहिले, आभारी आहे एवढं म्हणाले आणि खाली येऊन बसले. घरी आल्यावर शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि न जेवता झोपले.

त्या दिवशी ते भांडले असते तर बरं झालं असतं. कशाला खोटं बोललीस, असं एकदा खडसावून विचारलं असतं, तर बाईही चार शब्द बोलल्या असत्या, रडल्या असत्या, आणि भांडण झालं की ते संपतं. पण लेले काहीच बोलले नाहीत. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मात्र पांढरा सदरा-विजार घालून सोसायटीच्या हॉलमध्ये गेले. हॉल समोरच्या इमारतीच्या तळाला होता आणि तिथे सकाळी कराट्याचा वर्ग भरत असे.

शिकवणारा शुभंकर अकोल्याकडचा, दिवसा नऱ्ह्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्याकडे शिकायला येणारी सगळी दुसरी-तिसरीतली पोरं. नवा येईल त्याने रांगेत शेवटी उभं राहायचं, असा तिथला नियम. त्यामुळे सगळ्यांत उंच माणूस सगळ्यांत शेवटी, बिनदातांच्या पोरांच्याही मागे. जोडीने हात-पाय चालवायचे असले की लेल्यांच्या वाट्याला कमरेएवढं कोणीतरी यायचं. ते पोर बाहीला नाक पुसायचं आणि त्याच हाताने लेल्यांचं मनगट धरायचं.

दिवाळीत पहिली सर्दी झाली. फराळाचा वासही आला नाही त्यांना. ती बरी होते न होते तोच घसा बसला. मग ताप, मग डोळे आले, मग पुन्हा घसा. एका पोराला खोकला झाला की तो दोन दिवसांत त्याचा जाई आणि लेल्यांकडे पंधरा दिवस मुक्कामाला येई. डॉक्टर नम्रताने समजावून सांगितलं की शाळेत जे फिरतं ते मुलं घेऊन येतात, मुलांना ते सोसतं, काकांना नाही. आणि ताप अंगात असताना इतकी मेहनत केली की शरीरात दुखण्याशी लढायला काही उरत नाही. निदान बरं वाटेपर्यंत तरी वर्ग बंद ठेवा. लेल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतली आणि गेले. खिडकी उघडायची वेळ झाली होती.

सरोजिनीबाईंनी काय केलं नाही? हळदीचं दूध दिलं, अडुळशाचा काढा केला, ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. एका तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्टही काढली, आणि काढता काढता त्यांचाच हात थांबला. दृष्ट लागली होती ती कोणाची, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मोहऱ्या विस्तवावर तडतडल्या नाहीत, नुसत्या काळ्या पडल्या.

जाऊ नका म्हणायची सोय नव्हती. जाऊ नका म्हटलं तर कशाला जाता हे निघणार. कशाला जाता हे निघालं की फाट्यावरचा रस्ता निघणार. आणि तो रस्ता दोघांनीही कधी काढला नव्हता. भाजी आणायला आता ते तिकडून जातसुद्धा नसत, लांबून वळसा घालत. धरलं तर चावतं नि सोडलं तर पळतं, अशी बाईंची गत झाली होती.

गालगुंड झाले तेव्हा शुभंकरनेच त्यांना दारातून परत पाठवलं. पोरांना होईल असं सांगितलं, म्हणजे तरी ऐकतील म्हणून. दोन दिवसांनी कारखान्यातून सुटल्यावर तो घरी आला. लेले आत झोपले होते. तो चपला काढून दाराशीच उभा राहिला, चहा नको म्हणाला.

"काकू, तुम्हीच सांगा ना जी त्यांना," तो म्हणाला. "मी म्हटलं, ताप आहे तर नुसते बसून बघा. तर म्हणतात, बघत उभं राहून झालंय माझं."

शुभंकरला त्याचा अर्थ लागला नव्हता. सरोजिनीबाईंना लागला. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तो नको म्हणाला होता तरी चहा टाकला. तोंड दुसरीकडे करायला काहीतरी काम हवं होतं.

माघ संपता संपता खोकल्याने वेगळा सूर लावला. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, आणि एका पहाटे अंगावरचं पांघरूण थरथरायला लागलं, इतकी थंडी भरली. घरात सगळ्यांत उबदार म्हणजे ती सत्काराची शाल. बाईंनी ती त्यांच्या अंगावर घातली. ताप डोक्यात चढला होता, आपण कुठे आहोत याची शुद्ध नव्हती, पण लेल्यांनी शाल मात्र लोटून दिली. दोनदा घातली, दोनदा लोटली. मग बाईंनी कपाटातून आपली नऊवारी काढून ती त्यांच्या अंगावर घातली.

न्यूमोनिया निघाला. आठवडाभर इस्पितळात ठेवावं लागलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, फुप्फुसं आता पुन्हा असा मार सहन करणार नाहीत. पुढच्या वेळी मी काही सांगू शकत नाही. त्यांना आवरा. सलिलचा फोन आला, तोही तेच म्हणाला. बाबांनी एकदा दाखवलं ना शौर्य, आता बास की, आई, तू ठणकावून सांग. बाईंच्या ओठावर आलं होतं. पण इतक्या लांबून तारेवरून ते कसं सांगायचं? त्या म्हणाल्या, बरं, सांगते.

बापूराव शहाळी घेऊन भेटायला आले. खाटेजवळ बसून त्यांनी आपल्या त्या आवाजात लेल्यांना धीर दिला. वाघाला बी कदीमदी सर्दी व्हती. औंदाच्या गणपतीत सायबांचं कराट्याचं परात्यक्षिक ठिवायचं, आपन ठरवलंय. लेल्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. बापूरावांना वाटलं, झोप आली.

घरी आणल्यावर लेले शहाण्यासारखे वागले. औषधं घेतली, पेज खाल्ली, गच्चीवर उन्हात बसले. बाईंना वाटायला लागलं की सुटलो. पाडव्याला गुढी उभारली तेव्हा त्यांनी कडुनिंबाबरोबर देवाकडे एवढंच मागितलं. पाडवा झाला आणि तिसऱ्या सकाळी त्या उठल्या, तर लेले आरशासमोर उभे. अंगात तो पांढरा वेष, आता दोन माणसं मावतील एवढा सैल झालेला. पट्ट्याची गाठ मारत होते आणि ती पुन्हापुन्हा सुटत होती.

सरोजिनीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"अहो, मी आज बापूरावांना सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "तुम्ही धावला नव्हता म्हणून. मीच आपली बोलले. मग ते प्रात्यक्षिकही नको नि काही नको."

एवढ्या महिन्यांत हे पहिल्यांदाच घरात उच्चारलं गेलं. लेल्यांनी गाठीवरून नजर काढली नाही.

"सांग," ते म्हणाले. "त्यांना कळेल. मला तर तेव्हापासूनच माहीत आहे."

"मला त्याचं काही नाही हो. देवाशपथ काही नाही."

"मला आहे," लेले म्हणाले.

रागाने म्हणाले नाहीत. खिडकीतल्या माणसाला, ही नोट चालणार नाही, असं सांगावं तसं म्हणाले. मग त्यांनी पट्ट्याची टोकं बाईंच्या पुढे धरली. आता काय करायचं? बाईंनी गाठ मारून दिली, घट्ट. जरा वेळ हात तिथेच राहिला. मग त्या दारातून बाजूला झाल्या.

जिन्यावरून खोकला एक एक मजला खाली उतरत गेला. फाटकाशी थांबला, पुन्हा लागला, आणि रस्त्यापलीकडे हॉलच्या दारात शिरला. बाईंनी आल्याचा तुकडा ठेचला, गूळ घातला, काढ्याचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. समोर हॉलच्या खिडक्या उघड्याच होत्या. आत शुभंकर आकडे मोजत होता आणि प्रत्येक आकड्याला पोरं एका दमात ओरडत होती. पोरांच्या मागून, थोडा उशिरा, एक जाडसर, फाटका आवाज येत होता.

पोरं ओरडली. मागून तो आवाज आला. पोरं पुन्हा ओरडली. मागून खोकला आला, लांबलचक, आणि मग तो आवाज.

पोरं ओरडली. सरोजिनीबाईंनी कठडा धरला. स्वयंपाकघरात काढा उतू जात होता, त्याचा वासही आला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. पुढचा आवाज यायचा होता.