खाडीचं तांबडं पाणी

सोमवारी दुपारी माझी बहीण सुलू मालवणजवळच्या सासरी तिसऱ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) सार जेवली. दिवेलागणीला ती वारली.

तार आम्हाला कोल्हापुरात मिळाली. मागोमाग गावाहून एक माणूस आला. त्याने आईला सांगितलं, सार सासूनेच रांधलं होतं आणि स्वतः थेंबही घेतला नव्हता. सुलूचा नवरा दूर, बोटीवर नोकरीला. घरात उरल्या त्या सुलूच्या सासू काशीकाकी आणि सुलूची तान्ही मुलगी. आई मला एवढंच म्हणाली, "पोरीला घेऊन ये. त्या घरात ठेवू नकोस."

फोंडाघाट उतरताना एस.टी. तापली आणि आम्ही सगळे झाडाखाली बसून राहिलो. पिशवीत पुस्तक होतं, ते मी उघडलं नाही. रात्र मालवणच्या खानावळीत काढली. तिथे माशाचं ताट समोर आलं, तेव्हा मी फक्त ताक-भात मागितला.

सकाळी खाडीच्या धक्क्यावर आलो. मुखाशी पाण्याचा लांब पट्टा विटेच्या रंगाचा दिसत होता. होडीत माझ्याबरोबर मत्स्यखात्याचे एक तरुण अधिकारी बसले. ते वाकून बाटल्यांत ते पाणी भरून घेत होते. तांडेलाने (होडी हाकणाऱ्याने) मला कुणाकडे जायचं ते विचारलं आणि काशीकाकींचं नाव ऐकून वल्हं थांबवलं.

"तिसऱ्यांक दोष देव नकात," तो म्हणाला. "उरलेल्या सारात आमी रुपयो टाकून बघलो. राणीछाप, चांदीचो. काळो झालो नाय. मगे विख खयसून इला?"

नवे पैसे सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. जुना चांदीचा रुपया घरोघर जपून ठेवलेला असे, आणि विष असलं की चांदी काळवंडते यावर तिकडे सगळ्यांचा विश्वास. रुपया पांढरा राहिला, म्हणून तिसऱ्या निर्दोष ठरल्या, आणि सुलूच्या ताटात वाढताना विष कालवलं असणार म्हणून रांधणारी बाई दोषी.

अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "या विषाने चांदी काळी पडत नाही." मग त्यांनी समजावलं. अशा पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती माजतात, त्यांतल्या काही विषारी असतात. शिंपले त्या गाळून खातात आणि विष अंगात साठवतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, आणि शिजवूनही ते विष जात नाही. जेवणाऱ्याचे आधी ओठ बधिर होतात, मग हातपाय, शेवटी श्वास. "पण सगळंच तांबडं पाणी विषारी नसतं. तपासल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही."

तांडेल हसला. "सायबानु, पाण्यात झाडा? आणि ती दिसणत नाय?"

अधिकारीही माझ्याबरोबर घरापर्यंत आले. काशीकाकी ओसरीवर मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बायकांनी त्यांच्याकडचं जाणं-येणं सोडलं होतं. माझ्यापुढे त्यांनी पेज ठेवली, आणि मी हात लावत नाही हे पाहून त्याच वाडग्यातला एक घोट आधी स्वतः घेतला. मी मान खाली घालून पेज प्यायलो. मग त्या बोलल्या.

"माझो सोमवार होतो. नायतर मीय तिच्यावांगडा (तिच्याबरोबर) गेलय असतय. अंगावर पिता पोर, म्हणान तिका पोटभर सार वाढलय. जेवली नि म्हणाली, आई, ओठाक मुंग्यो इल्यो."

मी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर शेजारच्या परड्यातून (घरामागच्या अंगणातून) शिजत्या तिसऱ्यांचा वास आला. रुपयाने निवाडा दिल्यावर लोक पुन्हा ओहोटीला खाडीत उतरू लागले होते. आम्ही धावलो. पानं मांडली होती, मुलं बसली होती. अधिकारी सांगू लागले, पण घरच्या बाईने पळी काही थांबवली नाही. काशीकाकींना मागून येताना पाहून ती म्हणाली, "आता हय कोणाक मारूक इलस गो?"

काशीकाकींनी मुलगी माझ्या हातात दिली, पदराने टोप धरला आणि सगळं सार जमिनीवर ओतलं.

"माका काय म्हणशात ता म्हणा. पण ह्या जेवा नकात."

बाई शिव्या देत राहिली. मुलं रडली. ते सार विषारी होतं की नाही, ते कुणालाच कळलं नाही. कुणी चार घास जेवलं असतं आणि ओठ बधिर झाले असते, तर त्याच दिवशी काशीकाकींवरचा आळ फिटला असता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परतीच्या एस.टी.त बसलो. अधिकाऱ्यांच्या बाटल्या पुढे कुठे तपासायला गेल्या, त्यांचं उत्तर काय आलं, मला माहीत नाही. घरी मी आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पोर कुठाय?"

आता मुलगी शाळेत जाते. ती तिकडेच, खाडीकाठच्या आजीजवळ आहे. आई अजून काशीकाकींचं नाव घेत नाही.