मधल्या खांबाचा हिशोब

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. रक्कम सात हजार रुपये, चौदा माणसांना प्रत्येकी पाचशे. हजर: मी, माझी बायको सुनंदा, वडिलांचे चुलतभाऊ रतनकाका आणि गावातले आणखी तेरा जण. टेम्पोवाले रशीदभाई मागे आमच्या उतरवलेल्या घराच्या खांबांवर दोर आवळत होते. आई पुढे केबिनमध्ये बसून होती. तिच्या मांडीवर बायबल होतं आणि पायाशी टोपलीत दोन कोंबड्या. मी पैसे वाटले ते तिनं पाहिलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

आमचं गाव नवापूरच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीला लागून. मी बावीस वर्षांपासून बारडोलीला आहे, एका गिरणीच्या स्टोअरमध्ये. नट-बोल्टपासून बेअरिंगपर्यंत सगळं मोजून द्यायचं आणि मोजून परत घ्यायचं, हे माझं काम. घरी आम्ही मावची बोलतो, सोसायटीत गुजराती, रशीदभाईंशी मोडकी अहिराणी. हे मात्र शाळेतल्या मराठीत लिहितो आहे, म्हणजे गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना, दोघांनाही वाचता येईल.

त्या जानेवारीत आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं, सळई घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ-बहीण कोणी नाही. म्हणून आमच्या बारडोलीच्या घराला खाली एक खोली वाढवायचं ठरवलं, कर्ज काढून. आई एकाच अटीवर तयार झाली : "खांब येतील तर मी येईन."

आमच्या घराला नऊ खांब, सागाचे. वडिलांनी मालकीच्या शेतातली झाडं परवानगी काढून तोडली होती, त्याचे कागद माझ्याकडे आहेत. हद्द ओलांडून लाकूड न्यायचं तर वाहतुकीचा परवाना लागतो. त्यासाठी चार खेपा झाल्या. प्रत्येक खांबावर शिक्का ठोकून घेतला.

आमच्याकडे घर उभारायला किंवा उतरवायला गाव येतं. निरोप जातो, माणसं येतात, दुपारी डाळ-भात होतो. मजुरी नसते. आज तुझं, उद्या माझं. वडील म्हणायचे, "एकट्यानं उभारलं ते खोपट. गावानं उभारलं ते घर." मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तीच माणसं हंगामात गुजरातेत ऊस तोडायला येतात, रोजावर जगतात. त्यांचा दिवस फुकट घ्यायचा, आणि मी तर गाव सोडूनच चाललो होतो, परतफेड कधी करणार? मनाला पटेना. सुनंदालाही एवढ्या माणसांचं रांधायचं होतं, ते वाचलं. मी नोटा आधीच सुट्या करून आणल्या होत्या.

एकेकाच्या हातात दिल्या. कोणी नाही म्हणालं नाही. रतनकाका शेवटी होते. नोट उलटीपालटी करून म्हणाले, "हे काय?"

"दिवसाचे, काका. तिकडचा रेट आहे."

"बरं," ते म्हणाले. "मग बाकी काही राहिलं नाही."

मला वाटलं, पावती मिळाली.

घाट उतरताना रशीदभाई म्हणाले, "दादा, एक बोलू? तुम्ही पैसा वाटात ना, तवय एक बी मानूस हसना नही." रशीदभाईंचं घराणं नंदुरबारचं, तीन पिढ्या वाहतुकीत. पैसे घेताना लोकांची तोंडं कशी होतात ते त्यांना ठाऊक. मी म्हणालो, दमले असतील.

खोली एप्रिलअखेर झाली. सुनंदानं हौसेनं करून घेतली : न घसरणाऱ्या लाद्या, संडासात धरायला स्टीलचा दांडा, खिडकीला जाळी. चार खांब आत लावले, बाकीचे पडवीत. मधला खांब अकरा फुटांचा होता आणि स्लॅब नऊ फुटांवर. मिस्त्री म्हणाला, कापावा लागेल. मी हो म्हटलं. दोन फुटांचा ठोकळा निघाला, त्यावर सुनंदानं तुळशीची कुंडी ठेवली.

आई आत आली, वॉकर टेकवला आणि मधल्या खांबावर बोटाच्या पेरानं ठोकलं. मग वर पाहिलं.

"याच्यावर काय आहे?"

"स्लॅब."

"स्लॅब भिंतींवर आहे. हा नुसता उभा आहे." वॉकर वळवत म्हणाली, "पाहुण्यासारखा."

मी हसण्यावारी नेलं.

रविवारी तिला आम्ही चर्चला नेत असू. पाळक भला माणूस, तिच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवायचा. पण उपासना गुजरातीत. गाणी सुरू झाली की आई ओठ मिटून बसायची आणि घरी आल्यावर तीच गाणी मावचीत एकटी म्हणायची. कोंबड्यांबद्दल शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली. त्या द्याव्या लागल्या.

मे महिन्यात एकदा तिला चहा देत होतो. तिनं विचारलं, "घर उतरवलं त्या दिवशी रतनला वाढलं कोणी? त्याला तिखट चालत नाही."

"जेवण केलंच नाही आपण. पैसे दिले."

"कोणाला?"

"सगळ्यांना. पाचशे-पाचशे."

"रतनला पण?"

"त्यांनाही."

तिनं कप खाली ठेवला. "मग मला मातीत घालायला कोण येणार? तेव्हा पण रेट सांगशील?"

मी म्हणालो, इथेही माणसं आहेत, चर्चचं मंडळ आहे, गाडी आहे. ती म्हणाली, "गाडी आहे." एवढंच. त्यानंतर दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी. तपासण्या केल्या, रिपोर्ट साफ आले. पावसाळाभर ती मधल्या खांबाला पाठ लावून बसायची, जणू तिच्या पाठीनं तरी त्याला काही काम मिळेल. दिवाळीच्या सुमारास म्हणाली, "मला गावी न्या. मरायला नाही म्हणत. राहायला न्या."

सुनंदाला हे लागलं. "लाद्या मी बघितल्या, दांडा मी लावून घेतला, रात्री उठून पाय मी चोळले. काय कमी केलं मी?" काहीच कमी केलं नव्हतं.

मी आधी एकटाच गावी गेलो आणि शनिवारचा निरोप फिरवला : घर पुन्हा उभं करायचं आहे. या वेळी चूक नको म्हणून मोठं पातेलं आणलं, तीस माणसांची डाळ शिजवली. जोत्यावर बसून राहिलो. दुपार झाली. कोणी आलं नाही. उन्हं कलताना रतनकाका काठी टेकत आले.

"कोणी आलं नाही, काका."

"कशाला येतील?"

"निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला ना." ते माझ्याजवळ बसले. "तू आमचे चुकते केलेस. तुझं आमच्याकडे काही नाही, आमचं तुझ्याकडे काही नाही. मजूर पाहिजेत तर नवापूरला स्टँडजवळ सकाळी मिळतात. रेट तुझ्याकडे आहेच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "जास्त देतो, काका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य गिळता आलं असतं तर बरं झालं असतं. मग पातेल्याकडे हात करून म्हणाले, "वाढ." जेवले. हात धुताना म्हणाले, "डाळ कच्ची आहे."

उठण्याआधी एवढं सांगितलं : "भाताची कापणी चालू आहे. तुला दोन हात आहेत."

शिल्लक होती तेवढी सगळी रजा टाकली. पहिल्या दिवशी न बोलावता एकाच्या शेतात गेलो. त्यानं विळा दिला आणि मोठ्यानं म्हणाला, "स्टोअरकीपर, मोजून घे. एकच आहे. संध्याकाळी परत." सगळे हसले. त्या हसण्यानं मला बरं वाटलं, कारण फेब्रुवारीत कोणी हसलं नव्हतं. हाताला फोड आले, ते फुटले. कोणी म्हणे, "बारडोलीचं पाणी लागलं याला." कोणी विचारी, "साहेब, शिट्टी कधी वाजते?" मी कापत राहिलो, मग मळणीला गेलो, एकाच्या छपराची कौलं फिरवली. रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जेवलो, आणि पैशाचा विषय कोणी काढला नाही. एका खळ्यावर रतनकाकांचा पुतण्या भात वारवता वारवता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवाना आण, मग शनिवारी तुझं घर घेऊ."

परवाना पुन्हा काढला, उलट्या दिशेचा. बारडोलीत आईला केबिनमध्ये बसवून खांब चढवताना रशीदभाई म्हणाले, "दादा, हाई घर शे का पाव्हना? जास नि येस!"

चौदाच्या चौदा आले. आठ खांब जुन्या खड्ड्यांत बसले. मधला दोन फूट कमी पडला. मी म्हटलं, लोखंडी नळी घालून जोड देऊ. रतनकाका त्या आखूड खांबाकडे बघत राहिले, मग घरी गेले आणि चार जणांच्या खांद्यावर एक सागाचा खांब घेऊन आले. त्यांनी स्वतःचं घर नव्यानं बांधायला तो राखून ठेवला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"काका, तुमच्या घराचं काय?"

"मला आता किती दिवस घर लागणार आहे?"

माझा हात सवयीनं खिशाकडे गेला. त्यांनी पाहिलं. "हात बाहेर काढ," म्हणाले.

खांब उभा करण्याआधी काकांनी खड्ड्यात मोहाच्या दारूचे थेंब सोडले. ते जुन्या देवांना मानणारे. मग आईनं खुर्चीत बसून प्रार्थना केली. वडिलांच्या वेळीही असंच झालं होतं : एकानं थेंब सोडले, दुसऱ्यानं डोळे मिटले, आणि खांब दोघांनी धरला.

नाताळ त्या घरात झाला. पण सगळं चांगलं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आईचे पाय सुजतात, दवाखाना लांब आहे. रात्री तिच्याजवळ काकांची नात झोपते. एका शनिवारी मी जातो, एका शनिवारी सुनंदा. तिकडे दोघीही कामापुरतं बोलतात. बारडोलीच्या खोलीचा हप्ता चालू आहे. आत कोणी नाही, लाद्यांत खांबांच्या जागी चार चौकोन राहिलेत. तुळशीचा ठोकळा अजून तिथेच आहे. आईला बारडोलीला नेलं ते बरोबर की परत गावी आणलं ते बरोबर, याचा ताळा मला लागत नाही.

या फेब्रुवारीत पहाटे फोन आला. रतनकाका गेले, झोपेत. पहिल्या बसनं निघालो. पोचलो तेव्हा घरटी लाकूड येत होतं. आमच्याकडे चितेला प्रत्येक घर लाकूड देतं. कोणाचा मोळीभर धावडा, कोणाचा आंब्याचा ओंडका. माझं घर आता गावात होतं, म्हणजे मीही देणं लागत होतो. पण आणायचं कुठून?

आई दारात उभी होती, वॉकर धरून. घरामागे तो कापलेला मधला खांब पडला होता, तिकडे तिनं मान वळवली. "तो दे."

"आई, सागवान आहे."

"मला दिसतं."

"सागवान कोणी जाळतं का?"

"त्यानं आपल्याला जळाऊ दिलं होतं का?"

कुऱ्हाड घेतली. जुना साग लोखंडासारखा झालेला, घाव उडत होते. सुरुवातीला सगळे नुसते बघत होते. मग काकांचा पुतण्या पाचर घेऊन आला आणि समोर बसला. दोघांनी मिळून फोडला. मी त्याचे तुकडे खांद्यावरून नेऊन चितेवर मधोमध रचले.

शेवटी दिलं ते हे : सागाचा मधला खांब, नऊ फूट. घेणारे रतनकाका. वखारीत त्याचा भाव काय, ते मला माहीत आहे. तो इथे लिहीत नाही. उरलेल्या तेरा जणांचं मी अजून देणं लागतो. ते राहू देणार आहे.