पुढच्या मॉडेलचा पडदा

सकाळी चहा झाला की आमचे हे जुना लॅपटॉप उघडतात आणि खिडकीतलं ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून तो जरा तिरका करतात. गेल्या वर्षी त्यांची नजर पुरती गेली, पण हाताची सवय गेली नाही. मग मी शेजारी बसून येणाऱ्या लॅपटॉपच्या बातम्या वाचून दाखवते.

हे फोटोग्राफर. नवा लॅपटॉप घ्यायचा विषय निघाला की म्हणायचे, "थांबू या, पुढच्या मॉडेलला पडदा आणखी चांगला येतोय." पडदे खरंच उजळत गेले आणि यांचे डोळे मंदावत गेले. या बातम्यांत सगळं 'कदाचित' असतं. डोळ्यांचे डॉक्टरही शेवटपर्यंत तसंच बोलत होते, आणि त्या एका शब्दावर आम्ही किती दिवस काढले.

आज वाचलं, नवा प्रोसेसर फार वेगवान असेल आणि पडद्यावर काळा रंग अगदी खरा काळा दिसेल म्हणे. यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"मग आत्ता घेण्यात अर्थ नाही," हे म्हणाले. "थांबू या."

"थांबू या," मी म्हटलं.

एव्हाना ऊन सरकलं होतं. मी पडदा आणखी थोडा तिरका केला.